बाण दाखवेपर्यंत

१

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर निळ्या रंगाची एक फळी होती. तिच्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत सगळे पाने खिळ्यांना टांगलेले असायचे, आणि प्रत्येक पान्यामागे त्याच्याच आकाराची पांढरी सावली रंगवलेली. कुठला पाना जागेवर नाही ते दारातूनच कळावं म्हणून. ही शिस्त बापाची. बापाला सगळी दुनिया उस्ताद म्हणायची, आणि उस्तादाच्या गॅरेजमध्ये पाना हरवला तर माणूस हरवल्यासारखी शोधाशोध व्हायची.

बारकी कॉलेज सोडून घरी आली त्याला आठवडा झाला होता. का सोडलं ते ती कुणाला सांगत नव्हती. मास्तरांनी फळ्यावर गणित घातलं होतं: एक मोटारसायकल अमुक वेगाने अमुक त्रिज्येचं वळण घेते, तर ती घसरेल का? सगळा वर्ग माना खाली घालून आकडे मांडायला लागला. बारकीने वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि चालू पडली. मास्तर मागून म्हणाले, "अगं, उत्तर तरी काढून जा." ती म्हणाली, "उत्तर मला माहीत आहे."

तर जेवणानंतरची सुस्त दुपार. उस्ताद काचेच्या केबिनमध्ये वर्तमानपत्र तोंडावर घेऊन बसलेला. वाचतोय की झोपलाय ते त्या वर्तमानपत्रालाच माहीत. कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक मोडकी रेसची मोटारसायकल उभी होती, तिच्याकडे न बघता सगळे वावरायचे. बारकी एका स्कूटरचा कार्बोरेटर उघडून त्याचे बारीक पितळी भाग रॉकेलमध्ये धूत होती. तेवढ्यात फळीवर टिण् झालं.

तिने वर पाहिलं. दहा-अकराचा छोटा पाना खिळ्यावर किंचित डोलत होता. बाकीचे गप्प, साहेब तपासणीला आल्यावर शाळेतली पोरं बसतात तसे.

ट्रक गेला असेल, म्हणून तिने मान खाली घातली. थोड्या वेळाने पुन्हा टिण्. या वेळी तिने रस्त्याकडे पाहिलं. ट्रक नव्हता. एक कुत्रं होतं आणि तेही झोपलेलं.

ती उठली. दहा-अकरा काढून बाकड्यावर ठेवला आणि त्याच्या खिळ्याला बारा-तेरा लावला. आता तो वाजतो का बघू. वाजला. म्हणजे पान्यात काही नव्हतं, खिळ्यात होतं. खिळा भिंतीत होता. आणि भिंतीच्या पलीकडे, मोकळ्या माळावर किलोमीटरभर अंतरावर, रेसचा ट्रॅक होता.

पण ट्रॅक तर आठ महिने बंद होता.

टिण्.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिचा उजवा अंगठा, रॉकेलने ओला, हवेतच काहीतरी दाबतोय. तिच्या नकळत. प्रत्येक आवाजाला, एकदा.

२

टिल्लू तिचा भाऊ. वयाने तीन वर्षं मोठा, उंचीने चार बोटं कमी. चारचौघांत ती त्याला दादा म्हणायची आणि घरात टिल्ल्या. आठ महिन्यांपूर्वी ट्रॅकच्या तिसऱ्या वळणावर तो गेला. बावीस वर्षांचा होता.

मेल्यावर माणसाची उंची वाढते. शोकसभेत रेसिंग क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, "वाघ होता वाघ! भीती म्हणजे काय हे त्या पोराला ठाऊक नव्हतं." बारकी दुसऱ्या रांगेत बसून नखं कुरतडत होती. वाघ पालीला घाबरायचा. घरात पाल दिसली की खुर्चीवर चढून "बारके! बारके!" असा टाहो फोडायचा, आणि ही झाडू घेऊन येईपर्यंत खाली पाय ठेवायचा नाही. प्रत्येक शर्यतीच्या आधी वाघ गॅरेजमागच्या पिंपाआड जाऊन ओकायचा, आणि ही त्याचं हेल्मेट धरून बाजूला उभी राहायची. "कुणाला सांगू नकोस हं," तो तोंड पुसत म्हणायचा. "सांगेन की. पोस्टर लावणार आहे," ती म्हणायची.

"त्याचं वेगावर प्रेम होतं," सेक्रेटरीचं आणखी एक वाक्य. डोंबलाचं प्रेम. टिल्लूचं प्रेम ब्रेकवर होतं. "पळवायचं काय, माकडसुद्धा पळवेल," तो म्हणायचा. "कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे." मोठी माणसं मेलेल्याबद्दल खोटं बोलतात ते मेलेल्यासाठी नाही. आपण त्याला कधी नीट पाहिलंच नव्हतं, हे झाकायला बोलतात.

रेसची गाडी उंच असते आणि टिल्लू टिल्लू होता. गाडी थांबली की त्याच्या बुटांची फक्त टोकं जमिनीला लागायची. म्हणून तो पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या आत घेतात तिथे आला, की उस्ताद पुढे होऊन दोन्ही हातांनी हँडल धरायचा, छाती गाडीला लावायचा आणि म्हणायचा, "उतर." तो शब्द येईपर्यंत टिल्लू बसून राहायचा. बाकीचे रेसर हसायचे. "उस्ताद, पोराला खाली उतरवायला शिडी आणा!" टिल्लूही त्यांच्यासोबत हसायचा. मग घरी येऊन चिखलाच्या बुटांनी थेट जिना चढायचा, आणि वरून आईची रोजची हाक, "बूट बाहेर काढ रे आधी!"

आणि बारकी? ती पाटीवाली. रेसरला पळताना काही ऐकू येत नाही, म्हणून कठड्याशी उभं राहून त्याला पाटी दाखवावी लागते: फेरीला किती वेळ लागला, किती फेऱ्या उरल्या. काळी लाकडी पाटी, तिच्यात सरकवायच्या पत्र्याच्या पट्ट्या. आकडे तिनेच रंगवले होते. सगळ्यात महत्त्वाची पट्टी बाणाची. बाण दिसला की ही फेरी संपवून आत यायचं. बारकीने तो लाल रंगात काढला होता. टिल्लूने बघितला आणि म्हणाला, "हा बाण आहे की कोंबडीचा पाय?"

"तुला ओळखायचा आहे ना, मग झालं."

पाटी दिसली की तो क्लचवरून डाव्या हाताची करंगळी उचलायचा. दोनशेच्या वेगाला, एक करंगळी. म्हणजे, बघितलं गं.

३

दुसऱ्या दिवशी बारकीने ड्रॉवर उपसून स्टॉपवॉच शोधलं. नवीन सेल घातला. दुपारी उस्तादाने वर्तमानपत्र तोंडावर घेतल्यावर ती फळीसमोर स्टूल टाकून बसली.

एक मिनिट चोवीस सेकंद. पुन्हा एक चोवीस, वर थोडं. मग एक चोवीसला थोडं कमी.

बारकी काही अंगात आल्यासारखं करणारी पोर नव्हती. ठरावीक वेळाने वाजतंय म्हणजे कुठलं तरी यंत्र असणार, असं तिने स्वतःला सांगितलं. कंप्रेसर बंद केला. टिण्. शेजारच्या इमारतीचा पाण्याचा पंप असेल. जाऊन बघून आली, त्याला कुलूप होतं. वरच्या घरातल्या फ्रिजचं बटण बंद केलं. टिण्. मेन स्विच पाडला. पंखा फिरत फिरत थांबला, केबिनमधून उस्ताद ओरडला, "वीज गेली का?" आणि त्या सगळ्या शांततेत टिण्.

तिने वही घेतली आणि वेळा लिहायला लागली. यंत्र असतं तर आकडे सारखे आले असते. हे सारखे नव्हते. थोडे पुढे, थोडे मागे, श्वासासारखे. चार झाले, आणि पाचवा आला एक एकवीस. तीन सेकंद कमी.

तिने पेन्सिल खाली ठेवली. पुढचे चार पुन्हा चोवीसच्या घरात. पाचवा: एक एकवीस.

टिल्लूची ही खोड जगात तीनच माणसांना माहीत होती. सरावाला तो चार फेऱ्या सांभाळून मारायचा आणि पाचवी मोकाट सोडायचा. "चार टायरसाठी," तो म्हणायचा, "पाचवी माझ्यासाठी."

फक्त, जिवंत होता तेव्हा त्याची साधी फेरी एक बाराची होती.

४

ती वर गेली. आई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून भांडी घासत होती. कसं विचारायचं ते बारकीला सुचेना, म्हणून ती दाराशी उभी राहून भलतंच काही बोलत राहिली. कॉलेजची फी परत मिळेल का, वगैरे.

"मिळाली तर मिळाली," आई म्हणाली, "नाहीतर त्यांचं भलं होवो," आणि बोलता बोलता तिने साबणाचा हात उचलून भांड्यांच्या मांडणीवर ठेवला. क्षणभर. मग काढला आणि पुन्हा घासायला लागली.

बारकी घड्याळाकडे बघत उभी राहिली. दीड मिनिटाच्या आत आईचा हात पुन्हा उठला, मान न वळवता, आणि मांडणीवरच्या एका स्टीलच्या वाटीवर अलगद टेकला. रडून दमलेल्या पोराला थोपटावं तसा.

"आई."

"हं."

"हात का ठेवतेस तिथे?"

आईने नळ बंद केला. पदराला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"नाहीतर वाजते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि तू आठ महिने बोलली नाहीस? कुणालाच?"

"कुणाला बोलू? तुझ्या बाबांना? ते म्हणाले असते, कंप्रेसरचा पट्टा सैल झालाय. तुला? तू तिकडे. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. फिरलं तर फिरलं. तेवढीच सोबत." तिने वाटी उचलून पालथी घातली. "आधी काय सुरेख चालवायचा गं. मी इथे उभी राहून ऐकायचे. हल्ली थकलाय. सकाळी तर बघ किती वेळ लावतो. मला वाटतं, कुणीतरी त्याला बोलवायला पाहिजे."

मग तिने बारकीकडे पाहिलं. आईला काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ती ट्रॅकवर नव्हतीच.

"कुणी बोलावलं नव्हतं का त्याला?"

५

नाही. बोलावलं नव्हतं.

त्याची गोष्ट अशी. टिल्लू पंधरा वर्षांचा असताना एकदा सराव अर्धवट सोडून आत आला होता. ब्रेक मऊ लागतोय म्हणाला. उस्तादाने गाडी धरली, "उतर" म्हणाला, आणि तो उतरल्यावर सगळ्या पिटसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. "बाण दाखवेपर्यंत आत यायचं नाही. गाडीचं काय झालंय ते मी बघतो. तुला कुणी विचारलं?" ब्रेक खरोखरच गेलेला निघाला. पण त्याबद्दल उस्ताद काही बोलला नाही, आणि टिल्लू त्यानंतर कधीही बाण दिसल्याशिवाय आत आला नाही. पाऊस आला, बोट मोडलं, एकदा चेन तुटायला आली, तरी नाही. लोक कौतुक करायचे, काय शिस्त आहे पोराला! पोराला शिस्त लागली की भीती, हे तपासायच्या भानगडीत मोठी माणसं पडत नाहीत. दिसायला दोन्ही सारखीच.

आठ महिन्यांपूर्वी त्या दिवशी टिल्लूने समोरून जाताना डावा पाय बाहेर काढून मागच्या चाकाकडे हलवला. म्हणजे मागचा टायर गेला. बारकीने लगेच पट्टी बदलून बाण लावला. पाटी उचलणार तोच उस्तादाने तिचं मनगट धरलं.

"अजून दोन."

"बाबा, टायर गेलाय त्याचा."

"टायर कंपनीचा माणूस बघतोय. सेक्रेटरींनी मुद्दाम आणलाय. अजून दोन."

तिने बाण काढला आणि दोनचा आकडा घातला. मनगट दुखत होतं, पण पाटी तिच्याच हातात होती. टिल्लू आला, पाटी बघितली, करंगळी उचलली आणि गेला. त्या दोनांतली एक झाली. दुसरी तिसऱ्या वळणापर्यंतच झाली.

चौकशीत उस्ताद म्हणाला, ट्रॅकवर तेल सांडलं होतं. क्लबने मान डोलावली आणि ट्रॅकचं डांबर उकरून काढलं. बारकीला कुणी विचारलंच नाही. पाटी उस्तादाने उचलून आणली आणि टिल्लूच्या ढालींसोबत केबिनमधल्या काचेच्या कपाटात ठेवली, तशीच, दोनचा आकडा घातलेली. किल्ली त्याच्या खिशात.

बारकीने स्वतःलाही माफ केलं नव्हतं. धरलेलं मनगट सोडवून घेता येतं. एकोणीस वर्षांची होती ती, नऊ नाही.

६

"पट्टा सैल झालाय," उस्ताद म्हणाला.

"कंप्रेसर बंद आहे, बाबा."

"मग दुसरं काही असेल. ट्रॅक पार खणून ठेवलाय, तिथून बैलगाडी जायची नाही धड. कॉलेजात हेच शिकवलं का?"

"एक सव्वीस झालंय आज. काल चोवीस होतं."

उस्तादाने वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. उत्तर द्यायची वेळच आली नाही, कारण बाहेर गाडी थांबली आणि सेक्रेटरी आत आला. हातात मोजायची टेप.

"उस्ताद, रविवारचं सगळं ठरलं. प्रेक्षकांच्या स्टँडला आपल्या वाघाचं नाव. फाटकाशी काचेची पेटी, आत ही पाटी. शेवटचा आकडा तसाच ठेवायचा. लोकांच्या काळजाला हात घातला पाहिजे. चारी बाजूंनी स्क्रू मारून कायमची बंद." त्याने कपाटातल्या पाटीवर टेप धरली. "काय गं बारके, येणार ना? दोन शब्द बोल दादाबद्दल."

"दोन शब्द आत्ताच सांगते, काका. टायर गेला."

सेक्रेटरीची टेप सर्रकन मिटली. "दुःखात माणूस काहीही बोलतो," तो उस्तादाला म्हणाला, जणू ती तिथे नव्हतीच.

आणि त्याच वेळी मागे फळीवर टिण् झालं.

सेक्रेटरीला काही ऐकू आलं नाही. तो बोलतच होता, किती पाहुणे, किती खुर्च्या. बारकी मात्र बापाच्या हातांकडे बघत होती. टेबलावर पडलेले ते दोन्ही हात वीतभर उचलले गेले, बोटं अर्धी मिटली, आणि हवेत नसलेलं काहीतरी धरायला पुढे झाले. मग हळूच खाली आले.

तिचा अंगठा. आईचा तळवा. आणि हे.

"काय झालं, उस्ताद?" सेक्रेटरीने विचारलं.

"काही नाही," उस्ताद म्हणाला. "पट्टा सैल आहे."

सेक्रेटरी गेल्यावर बारकी पुन्हा फळीसमोर बसली. एक एकतीस. एक एकतीस. एक बत्तीस. एक एकतीस. पाचव्याची ती वाट बघत राहिली. एक तेहतीस.

त्याने पाचवीचाही नाद सोडला होता.

तिने वही मिटली, केबिनमध्ये गेली आणि बापासमोर हात पसरला. "किल्ली."

"रविवारी ती पाटी..."

"रविवारी तिला स्क्रू लागले की संपलं. तो दमलाय, बाबा. तुम्ही शिकवलंय म्हणून येत नाहीये. किल्ली द्या नाहीतर काच फोडते."

उस्ताद तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता हात उचलणार. उचललाही. पण तो खिशाकडे गेला.

७

सकाळी नऊला ती ट्रॅकवर पोचली. लख्ख ऊन होतं. डांबर सगळं खरवडून काढलेलं, जागोजाग खडीचे ढीग, पिटमध्ये बारीक कच पसरलेली. कुठे काही हलत नव्हतं. एक मजूर लांब सावलीत डबा उघडून बसला होता.

पाटी घेऊन ती आपल्या नेहमीच्या जागी, कठड्याशी उभी राहिली. लाकूड तळहाताला ओळखीचं लागलं. मागे कचेवर पावलं वाजली. तिने वळून पाहिलं नाही. चालण्यावरून बाप ओळखू येतो.

"येडेपणा आहे हा," उस्ताद म्हणाला. पण जाऊन उभा राहिला तो पिटमधल्या बरोबर त्याच जागी, जिथे तो नेहमी उभा राहायचा.

आधी काही झालं नाही. मग तिच्या कानांचे पडदे एकदम आत दाबले गेले, जवळून काही मोठं वेगाने गेल्यावर दाबले जातात तसे, आणि सुटले. खडीचा एक खडा हलला नाही. धूळ उडाली नाही. अंगठ्याने आपलं काम केलं. स्टॉपवॉच सुरू.

एक चाळीस. पडदे दाबले, सुटले.

एक त्रेचाळीस.

तिने दोनचा आकडा ओढला. आठ महिन्यांत पट्टी गंजून खाचेत धरली होती, निघेना. नखाने, मग दाताने. दोन निघाला. लाल बाण आत सरकवला. कोंबडीचा पाय. तिला एकदम हसू आलं आणि त्याच दमात घाबरायला झालं. आपण कुणाला बोलावतोय? तिसऱ्या वळणावरून त्याला उचलून नेलेलं तिने पाहिलं होतं. जे तिथे उचललं तेच येणार असेल, तर?

या वेळी मनगट कुणी धरलेलं नव्हतं.

स्टॉपवॉचवर एक चौतीस. एक पस्तीस. तिने पाटी कठड्यावर उचलून धरली, जितकी उंच जाईल तितकी, आणि डोळे उघडे ठेवले. मिटायचे नाहीत असं तिने घरूनच ठरवून आणलं होतं.

पडदे दाबले गेले.

दिसलं ते एवढंच: कठड्यापलीकडे, उन्हात, हँडल असावं त्या उंचीवर, काळ्या हातमोज्यातली एक करंगळी. उचललेली. बाकी काही नाही. मग तीही नाही.

"बघितलं," बारकी म्हणाली. "बाबा, त्याने बघितलं. ही फेरी झाली की येईल."

ती शेवटची फेरी फार लांबली. एक पन्नास झाले. दोन मिनिटं झाली. तिसऱ्या वळणाकडे ती बघत नव्हती. दोन वीस. आणि मग, आठ महिन्यांत पहिल्यांदा, तिला इंजिन ऐकू आलं. एक गिअर खाली, दुसरा, तिसरा. एवढ्या अलगद ब्रेकवर येणारा माणूस तिने एकच पाहिला होता. आवाज पिटमध्ये वळला. तिच्या पाठीमागून गेला. गरम रबराचा वास तेवढा रेंगाळला.

उस्तादाचे हात पुढे झाले, आणि हातांना काहीतरी लागलं. तिने ते बघितलं. बापाची छाती पुढे गेली आणि मागे ढकलली गेली, टाचा कचेत रुतल्या, गुडघे वाकले. इंजिन बंद झालं. हवेला धरून तो म्हातारा उभा होता, आणि दंडांच्या शिरा टरटरून फुगल्या होत्या.

बारकीने नजर खाली ठेवली. वर बघवेना. कचेत, बापाच्या पावलांसमोर, दोन्ही बाजूंना दोन लहान खळगे उमटले होते. बुटांची नुसती टोकं.

"बाबा," ती म्हणाली, "म्हणा."

वजन उस्तादाला पेलत नव्हतं, आणि ते बसूनच होतं. शिस्तीत. सांगेपर्यंत.

"म्हणा ना हो!"

"चुकलं रे माझं," उस्ताद म्हणाला. त्या माणसाच्या तोंडून हे शब्द तिने जन्मात ऐकले नव्हते. "तेल नव्हतं. चुकलं. पुरे झालं आता, बाळा. उतर."

डाव्या बाजूचा खळगा पुसला गेला, आणि त्याच्या शेजारी एक पाऊल उमटलं. टाचेसकट, पूर्ण.

८

दोघं चालत घरी आली. उस्तादाच्या मुठी उघडत नव्हत्या. पाटी बारकीनेच आणली.

गॅरेजचं शटर उघडं होतं. आत, कोपऱ्यात, आई उभी होती. तिने ताडपत्री काढून बाजूला ठेवली होती आणि पुढचं चाक नसलेल्या त्या मोडक्या गाडीच्या टाकीवर तळवा टेकवला होता.

"वाटी थांबली," ती म्हणाली. "मघाशी."

मग बारकीला तो आवाज ऐकू आला. टिक. टिक. बारीक, पत्र्याचा. गॅरेजात वाढलेल्या पोरीला तो सांगावा लागत नाही. गाडी लांबून आली, उभी केली, की तापलेला सायलेन्सर निवताना असाच वाजतो. तिने बोट नेलं आणि चटकन मागे घेतलं. भाजलं.

तिघंही बाकड्यावर बसली, एका ओळीत, गाडीकडे तोंड करून आणि जिन्याकडे पाठ करून. टिक. केबिनमध्ये फोन वाजायला लागला. सेक्रेटरी असणार, पेटी तयार झाली असेल. उस्ताद उठला नाही.

"पाटी देणार नाही," तो फोनकडे न बघता म्हणाला.

टिक. आता दोन आवाजांत बरंच अंतर पडत होतं. बारकीने वाट पाहिली. टिक. मग फोन थांबला, आणि सायलेन्सरही निवला, आणि गॅरेजमध्ये आठ महिन्यांत नव्हती अशी शांतता झाली. फळीवर प्रत्येक पाना आपापल्या पांढऱ्या सावलीवर गप्प होता.

मागे जिन्याच्या पहिल्या पायरीवर कच करकरली.

बापाचा हात बारकीच्या मनगटावर आला. या वेळी त्याने ते नुसतं धरून ठेवलं, आधाराला धरतात तसं. तिने सोडवून घेतलं नाही. कुणीच मागे वळून पाहिलं नाही.

दुसरी पायरी करकरली.

"बूट बाहेर काढ रे आधी," आई म्हणाली.